अभ्यासिकेत जपानी जनरलचं चरित्र कसं सांगायचं (सदाओ अराकी घेऊन)

गावच्या अभ्यासिकेत रविवारी पोट्ट्यांसमोर अर्धा-पाऊण तास बोलायची पाळी ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आपल्याकडे यवतमाळ, वाशिम, वर्ध्याकडच्या बऱ्याच गावात समाजभवनाच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका सुरू झाल्यात, पोट्टे पहाटे रोडवर भरतीसाठी पळतात, दुपारी येऊन बसतात, आणि त्यांना जनरल, कर्नल, तलवार, मेडल या गोष्टींचं लय वेड असतं. त्यात चूक काही नाही. पण मग मोबाईलवर एखाद्या जनरलचं एका मिनिटाचं रील पाहतात, मागं ढोल-ताशा, पुढं मिशा, आणि पूर्ण माणूस समजला असं वाटते त्यांना. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत जगाचा इतिहास आहे, तिथं रील कामाचं नाही.

मी सदाओ अराकी सुचवतो. तोजो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जपानचा पंतप्रधान, सगळ्यांना माहीत असतो, अराकी कुणालाच नाही, आणि 1930 नंतर जपान कसा घसरत गेला हे समजायला अराकी जास्त कामाचा आहे. सैन्यातून वर आलेला, कट्टर राष्ट्रवादी, आधी युद्धमंत्री आणि नंतर, हे ऐकून पोट्टे चमकतात, शिक्षणमंत्री.

सुरुवात करताना जन्म-शिक्षण-नोकरी असा बायोडाटा वाचून दाखवू नका, अर्धे झोपतात. तरी तुमच्या कागदावर तो पाहिजेच, म्हणून थोडक्यात देतो. जन्म 1877, टोकियोजवळच्या कोमाए गावचा, घराणं जुन्या सामुराईचं. 1877 हेच ते वर्ष ज्यात सामुराईंचं शेवटचं मोठं बंड मोडून निघालं, म्हणजे तलवारीची पिढी संपली आणि हा पाळण्यात होता. 1897 ला मिलिटरी अकॅडमीतून बाहेर पडला, 1904-05 च्या रशियाविरुद्धच्या लढाईत होता, 1907 ला वॉर कॉलेजातून पहिला आला. मग पहिल्या महायुद्धात रशियात लष्करी प्रतिनिधी, रशियन भाषा येणारा माणूस. क्रांती झाल्यावर जपानी फौज सायबेरियात गेली तेव्हाही तो त्या भानगडीत होता, आणि रशियाची, त्यातही कम्युनिस्ट रशियाची भीती त्याच्या डोक्यात बसली ती मरेपर्यंत गेली नाही. 1920 नंतर लष्करी पोलिसांचा प्रमुख, वॉर कॉलेजचा प्रमुख, कुमामोतोच्या सहाव्या डिव्हिजनचा कमांडर. एवढं दोन मिनिटात उरका. वॉर कॉलेज मात्र अधोरेखित करा, तरुण अधिकारी त्याच्या भोवती जमले ते मुख्यतः तिथून आणि पुढच्या ट्रेनिंग खात्याच्या कामातून.

आता खरी तयारी. दोन ड्रॉइंग शीट घ्या, स्केचपेन घ्या. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि जनरेटर लावला की तुमचा आवाज मागच्या बाकावर पोचत नाही. पहिल्या शीटवर मांचुरियाचा, म्हणजे चीनच्या ईशान्य भागाचा, नकाशा काढा, साधाच, खाली कोरिया, बाजूला जपान, वर रशिया, एक रेल्वेची रेघ आणि रेघेच्या खालच्या टोकाला दाइरेन बंदर. आणि तिथून सुरू करा, जनरलपासून नाही. पोट्ट्यांना सांगा की त्या काळी जगाच्या बाजारात जाणारं बहुतांश सोयाबीन मांचुरियाचं असायचं आणि ते या रेल्वेनं दाइरेनला उतरायचं, रेल्वे जपान्यांच्या ताब्यातली. सोयाबीन म्हटलं की आपल्याकडं माणूस आपोआप ताठ बसतो. जमीन काऊन पाहिजे होती, फौज तिथं काऊन बसली होती, हे वेगळं समजवायची गरज राहत नाही. कोळसा आणि लोखंडही सांगा, पण सोयाबीन आधी.

मग 18 सप्टेंबर 1931. मांचुरियातल्या मुकदेन शहराजवळ त्याच रेल्वेचा रूळ जपानी अधिकाऱ्यांनीच स्फोटानं उडवला, चिन्यांनी केलं म्हणून बोंब मारली आणि मांचुरिया घ्यायला निघाले. इथं थांबून विचारा, अराकी तेव्हा कुठं होता? सगळे म्हणतात मंत्री होता. नव्हता. तो टोकियोत ट्रेनिंग खात्यात होता, युद्धमंत्री मिनामी जिरो होते. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच माणसाच्या अंगावर घालून मोकळे होतात.

पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, हाशिमोतो किंगोरो या लष्करी अधिकाऱ्याच्या टोळीतल्या अधिकाऱ्यांनी सरकार उलथवायचा बेत केला आणि पंतप्रधान कुणाला करायचं ठरवलं होतं? अराकीला. बेत फुटला, समजूत घालायला वरच्यांनी अराकीलाच पाठवलं, कट करणाऱ्यांना किरकोळ नजरकैद झाली, आणि डिसेंबरमध्ये नवे पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांनी अराकीला युद्धमंत्री केलं. का केलं? हा सगळ्या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, इथं पाच मिनिटं द्या, पोट्ट्यांना भांडू द्या. तरुण अधिकारी त्याला मानतात, तो त्यांना आवरेल, हा हिशोब होता. हा हिशोब किती फसला ते दुसऱ्या शीटवर दिसते.

दुसऱ्या शीटवर एक मोठं टेबल काढा, खरंच टेबल, मंत्रिमंडळाच्या बैठकीचं. एका खुर्चीवर अराकी लिहा. बाकी तीन खुर्च्यांवर तीन नावं: इनुकाई, ज्यांनी त्याला मंत्रिमंडळात घेतलं ते पंतप्रधान, साइतो माकोतो, त्यांच्यानंतरचे पंतप्रधान, ज्यांनी त्याला ठेवलं, आणि ताकाहाशी कोरेकियो, दोघांचेही अर्थमंत्री, ज्यांच्याशी अराकीची लष्कराच्या पैशावरून सारखी वाजायची. आता एकेक खुर्ची लाल पेननं खोडा. इनुकाई, 15 मे 1932, पंतप्रधानांच्या राहत्या घरात घुसून नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी आणि आर्मीच्या कॅडेट पोरांनी गोळ्या घातल्या. साइतो, 26 फेब्रुवारी 1936. ताकाहाशी, त्याच पहाटे, वय 81. हे 1936 वाले अधिकारी अराकी आणि त्याचा जोडीदार माझाकी जिंझाबुरो यांना गुरू मानणाऱ्या गटातले होते. टेबलावर चौथी खुर्ची तेवढी न खोडलेली राहते.

काही सांगावं लागत नाही, खोली शांत होते. फक्त एक काळजी घ्या, अराकीनंच मारायला सांगितलं असं बोलू नका, तसा पुरावा नाही आणि ते खरंही नाही. त्यानं काय केलं ते सांगा. इनुकाईंच्या खुनानंतर, स्वतःचे पंतप्रधान मेलेत, आणि हा युद्धमंत्री म्हणतो की या निर्मळ मनाच्या पोरांचा विचार केला की डोळ्यात पाणी येते, या अर्थाचं. कोर्टाकडं रक्तानं सह्या केलेल्या दयेच्या अर्जांचा ढीग आला, कुणालाही फाशी झाली नाही. आता एखाद्या बावीस वर्षाच्या लेफ्टनंटनं त्यातून काय शिकावं बुवा? मी तरी इथंच अराकीला सगळ्यात जास्त धरतो, मांचुरियापेक्षाही. मांचुरिया त्याच्या आधी सुरू झालं होतं, पण हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं.

मंत्री असताना त्यानं नेमकं काय केलं याची यादी लांब करू नका, चार गोष्टी पुरे. मार्च 1932 ला मांचुरियात मांचुकुओ नावाचं नावापुरतं राज्य उभं झालं आणि सप्टेंबरमध्ये जपाननं त्याला मान्यता दिली. राष्ट्रसंघानं (लीग ऑफ नेशन्स) चौकशीला नेमलेल्या लिटन कमिशननं विरोधात रिपोर्ट दिला, मार्च 1933 ला जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला. त्याच वर्षी फौज चीनच्या जेहोल प्रांतात घुसली आणि मे अखेर चीनशी तांगूचा युद्धबंदी करार झाला. आणि सैन्यातल्या मोक्याच्या जागांवर त्यानं आपली माणसं बसवली, ही चौथी गोष्ट दिसायला बारकी पण सैन्यातली भांडणं पेटली ती इथून. ऑक्टोबर 1933 मध्ये तो पूर्ण जनरल झाला आणि जानेवारी 1934 मध्ये आजारपणाचं कारण होऊन मंत्रिपद सुटलं.

त्याच्या बोलण्याचा नमुना द्यायचा तर बांबूचे भाले द्या. तीस लाख बांबूचे भाले असले तर जपानला कोणत्याही महासत्तेची भीती नाही, असं तो बोलल्याचं सांगतात. रणगाडे, विमानं, कारखाने यापेक्षा सैनिकाचं मन, सम्राटावरची भक्ती, हे सगळं जिंकवते अशी त्याची थिअरी. पोट्ट्यांना हे आवडते, हे आधीच सांगून ठेवतो, टाळ्या पडू शकतात. पडू द्या. मग सांगा की खुद्द जपानी सैन्यातच बऱ्याच अधिकाऱ्यांना हे पटत नव्हतं, आणि तिथं दोन गट कसे पडले ते समजवा. अराकी-माझाकीचा कोदोहा, म्हणजे सम्राटाच्या मार्गावर चालणारे, आणि समोर तोसेइहा, म्हणजे नियंत्रण-शिस्तवाले, त्यात नागाता तेत्सुझानसारखे डोकेबाज अधिकारी, ज्यांना पुढची लढाई कारखान्यांवर आणि नियोजनावर होणार हे दिसत होतं. एकाच पक्षातले दोन गट तालुक्याला कसे असतात, झेंडा एक आणि बॅनरवर फोटो वेगळे, तसंच ते. फक्त एक चूक होऊ देऊ नका, तोसेइहा म्हणजे शांतताप्रेमी असं बिलकुल नाही. तोजो याच बाजूचा. एक गट रशियाशी भिडायला उतावीळ, दुसरा आधी देशभराचा कारखाना करू म्हणणारा, लढाई दोघांनाही पाहिजेच होती.

1935 च्या जुलैत माझाकीला ट्रेनिंग खात्याच्या प्रमुखपदावरून काढलं, आणि 12 ऑगस्टला आइझावा नावाचा एक लेफ्टनंट कर्नल युद्ध मंत्रालयात भर दिवसा शिरला आणि नागाताला त्याच्याच ऑफिसात तलवारीनं मारलं. त्याच वर्षाच्या शेवटी अराकीला बॅरन ही पदवी मिळाली, हे दोन्ही एकाच वर्षातलं. मग फेब्रुवारी 1936 चं बंड, जवळपास चौदाशे-पंधराशे सैनिक, बर्फ पडलेला टोकियो, तीन-चार दिवस राजधानीचा मधला भाग बंडवाल्यांच्या हातात. अराकी तेव्हा वरिष्ठ लष्करी सल्लागारांमध्ये होता, यांची बंडवाल्यांशी बोलणी चालली, ना धड सोबत ना धड विरोधात. सम्राट हिरोहितो मात्र भडकले, बंड मोडा म्हणाले, आणि 29 तारखेपर्यंत ते संपलं. ज्याच्या नावानं हे सगळं करतो म्हणत होते त्यानंच यांना बंडखोर ठरवलं. मार्चमध्ये अराकी आणि माझाकी दोघंही घरी, राखीव यादीत.

इथं एक कायद्याचा मुद्दा येते, परीक्षेवाल्यांनी वहीत लिहावा. मे 1936 मध्ये जुना नियम परत आणला की लष्करमंत्री हा सध्या नोकरीत असलेलाच जनरल पाहिजे, निवृत्त चालणार नाही. 1913 ला हा नियम सैल केला होता. परत आणताना एक कारण हेच सांगितलं की काढून टाकलेले अराकी-माझाकी पुन्हा मंत्री होऊन यायला नको. त्यांचा रस्ता बंद झाला खरा, पण त्या नियमानं सैन्याच्या हातात सरकार पाडायची चावी गेली, कारण सैन्यानं जनरल दिलाच नाही तर मंत्रिमंडळच बनत नाही. एका माणसाला अडवायला केलेला नियम सगळ्या देशाला महागात पडला.

आणि अराकी तरी अडला का? मे 1938 ला पंतप्रधान कोनोएंनी त्याला शिक्षणमंत्री केलं. तिथं जनरल नोकरीत पाहिजे अशी अट नव्हती. या भागाला बरेच जण दोन वाक्यात गुंडाळतात, माझ्या मते इथं थांबलंच पाहिजे, कारण समोर बसलेली सगळी पोरं विद्यार्थी आहेत. चीनशी युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलेलं. विद्यापीठातले प्राध्यापक आपला अध्यक्ष स्वतः निवडायचे, अराकीनं त्याला हात घातला, टोकियोच्या विद्यापीठाशी त्याची ओढाताण झाली. 1939 मध्ये विद्यापीठात लष्करी कवायत सक्तीची झाली. जानेवारी 1939 मध्ये टोकियो विद्यापीठातून कावाई एइजिरो या उदारमतवादी प्राध्यापकाला काढलं. प्रामाणिकपणे हेही सांगा की शाळा-कॉलेजात लष्करी अधिकारी नेमायची सुरुवात 1925 चीच आहे, अराकीच्या कितीतरी आधीची. तो गेल्यावरही ते थांबलं नाही. जानेवारी 1939 ला कोनोए गेले तरी पुढच्या हिरानुमांच्या मंत्रिमंडळात तो राहिला, ऑगस्ट 1939 ला तेही गेलं आणि हाही गेला. पर्ल हार्बर झालं तेव्हा अराकी मंत्री नव्हता, कुणी विचारलं तर ठामपणे सांगा.

मधातच आपल्या भागाचे धागे जोडून द्या, पण ओढून-ताणून नाही, खरे आहेत तेवढेच. एक कापसाचा. जपानी गिरण्या आपला आखूड धाग्याचा कापूस घ्यायच्या, वऱ्हाडातला माल बाजारात अमरावतीच्या नावावरून उमरा म्हणून ओळखला जायचा. अराकी युद्धमंत्री असतानाच, जून 1933 मध्ये, इथल्या ब्रिटिश सरकारनं ब्रिटन सोडून बाकीच्या सुती कापडावरचा कर 75 टक्क्यांवर नेला, चिडून जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस घ्यायचं बंद केलं, आणि 1934 मध्ये करार होऊन जपाननं इतक्या गाठी कापूस घ्यावा तर इतके यार्ड कापड विकावं असं ठरलं, वरची मर्यादा 15 लाख गाठींवर 40 कोटी यार्ड. घरात कुणी जिनिंगचं काम केलं असलं तर त्याला हे आकडे लगेच समजतात. दुसरा धागा वर्ध्याचा. त्याच 1933 मध्ये एक जपानी भिक्षू वर्ध्याला गांधीजींकडं आले, निचिदात्सु फुजी, आपण फुजी गुरुजी म्हणतो. गीताई मंदिराजवळचा पांढरा विश्वशांती स्तूप त्यांच्याच संघाचा. पोट्ट्यांनी तो स्तूप पिकनिकला पाहिलेला असतो, त्याच्यामागं एक जपानी माणूस आणि तेच साल आहे हे माहीत नसते. आणि जुलै 1942 मध्ये गांधीजींनी सेवाग्रामातून जपान्यांना उद्देशून पत्र लिहिलं, त्यात चीनवरच्या हल्ल्याबद्दलची नापसंती सरळ सांगितली. इंग्रजांविरुद्ध भांडत असतानाही जपान्यांचं स्वागत करायला ते तयार नव्हते.

शेवटचा भाग खटल्याचा. जपान महायुद्ध हरल्यावर जिंकणाऱ्या देशांनी जपानी नेत्यांवर चालवलेला टोकियो खटला मे 1946 ला सुरू झाला, जागा इचिगाया, म्हणजे लष्कराचीच इमारत. एकूण 28 आरोपी, 11 न्यायाधीश. 1933 मध्ये अराकीच्या भाषणावर एक प्रचारपट काढला होता, देश संकटात आहे वगैरे, तोच सरकारी वकिलांनी कोर्टात पडद्यावर दाखवला. रील बनवणाऱ्या पोट्ट्यांना हे मुद्दाम सांगा, मजा येते. नोव्हेंबर 1948 ला निकाल, अराकीला जन्मठेप. आरोप क्रमांक 1 म्हणजे आक्रमक युद्धाचा कट आणि 27 म्हणजे चीनविरुद्ध युद्ध, या दोनच आरोपात दोषी. अत्याचारांच्या आरोपातून सुटला. सुगामो जेलमधून तब्येतीच्या कारणानं 1955 ला बाहेर, आणि 1966 मध्ये नारा भागातल्या तोत्सुकावा गावी वारला, वय 89.

प्रश्नांना वेळ ठेवा, कमीत कमी पंधरा मिनिटं, आणि दोन प्रश्न येणारच. पहिला, "सर, आपल्या न्यायाधीशानं तर जपानले निर्दोष म्हटलं होतं नं?" राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना दोषमुक्त धरलं हे खरं, पण मुद्दा कायद्याचा होता, आक्रमक युद्ध हा गुन्हा त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात होता का, आणि जिंकणाऱ्यांनीच न्याय करावा का. जपानी फौजेनं अत्याचार केले हे त्यांनी नाकारलं नाही. हा फरक फळ्यावर लिहा, मोबाईलवर नेमका हाच भाग कापलेला असतो.

दुसरा, "मंग हा बुवा चांगला का वाईट, थे सांगा नं एका शब्दात." सांगू नका. टेबलाच्या शीटकडं बोट दाखवा आणि त्यालाच विचारा की इनुकाईंच्या जागी तू असता तर डिसेंबर 1931 ला कुणाला युद्धमंत्री केलं असतं, आणि अराकीच्या जागी असता तर 16 मे 1932 ला काय बोलला असता. उत्तर देऊ द्या, मधात तोंड घालू नका.

दोन्ही शीट गुंडाळून अभ्यासिकेच्या कपाटावर ठेवा, सेलोटेपनं भिंतीला लावल्या तर चुन्यासकट निघतात. पुढच्या रविवारसाठी कुणाला तरी ताकाहाशी कोरेकियो वाटून द्या, पुन्हा जनरल नको. डिसेंबर 1931 मध्येच जपानच्या चलनाला सोन्याच्या बंधनातून (गोल्ड स्टँडर्ड) बाहेर काढून मंदीत सरकारी खर्च वाढवणारा आणि नंतर लष्कराच्या खर्चाला हात आडवा लावणारा अर्थमंत्री. एखादा बी.कॉमवाला पोट्टा शोधा, त्याला चांगला जमेल.